येते, जाते

पुस्तकात तिच्यासाठी एवढंच छापलेलं असायचं :
मोलकरीण येते. कप ठेवते. जाते.
बाकीचं मी पेन्सिलीनं समासात लिहून घेतलं,
विंगेत, चाळीसच्या बल्बखाली,
एकवीस वर्षं.

सगुणा बारापात्रे.
नाव बारा पात्रांचं, मिळायचं एकच,
आणि त्या पात्राच्या हातात ट्रे.
हा विनोद तिचाच.
दौऱ्याच्या गाडीत, भंडाऱ्याच्या रस्त्यावर,
नवा नट चढला की आधी हा ऐकवायची,
मग तर्रीचे डाग पडलेला डबा उघडायची.

पाचपावलीत घरी माग होता.
बाप धोटा फेकायचा, ही कांड्या भरायची.
"धोटा जाते ना, अन् वापस येते,
त्याच्या मंदात एक फट असते, बावा.
हसू तिथंच बसते.
तुमचे लेखक तिथं शब्द कोंबून ठेवतेत."

अडीच मोजायची ती.
कप ठेवण्याआधी, मालकाकडे बघत,
एक, दोन, अर्धा.
अर्ध्यावर धनवटेची बाल्कनी फुटायची.

नायिका त्या हशात ताटकळायची
डोळ्यांना पदर लावून.
एकदा म्हणालीच, माझा हुंदका वाया जातो.
सगुणा ट्रे पुसत होती :
"मीच तं वाळवून देतो त्याईले,
मंग तू भिजव."

राज्य स्पर्धा, नागपूर केंद्र :
अकरा वेळा उत्तेजनार्थ.
एका प्रशस्तिपत्रावर आडनाव छापलं बारपात्रे.
"काना खाल्ला मेल्यांनी," ती म्हणाली,
"बक्षीस देतानी बी काटछाट."
सगळी प्रशस्तिपत्रं सरगुंड्यांच्या डब्यात
तळाशी अंथरलेली. जाड कागद, ओल धरत नाही.

एका वर्षी वीज मंडळाच्या संघानं
तिला आई दिली.
मुलाचं पत्र वाचायचं, शेवटी दिवा मालवायचा.
दोन महिने तालीम.
प्रयोगाला ती आली, पत्र हातात घेतलं,
आणि सभागृह हसलं.
सवयीनं हसलं, वाईट मनानं नाही.
तिनं पत्राची घडी घातली. पुन्हा उघडली.
अडीच मोजले.
मग आणखी अडीच. मग आणखी.
किती ते मी लिहून घेऊ शकलो नाही.
तिसऱ्या रांगेत कुणाची खुर्ची करकरली, तेवढीच.
मग ती वाचायला लागली.

त्याही वर्षी उत्तेजनार्थ.

मुंबईहून मालिकेवाल्यांचा फोन आला.
सेटवर म्हणाले, बाई, जरा अजून वैदर्भीय बोला.
"कितीक?" तिनं विचारलं,
"पाव किलो देऊ का अर्धा?"
चार भाग झाले. पाचव्यात तिचं पात्र
भावाकडे गेलं ते परतलंच नाही.

नाटकाची चौथी आवृत्ती निघाली तेव्हा
माझा समास त्यात छापून आला होता,
आत, मूळ मजकुरात, लेखकाच्या नावाखाली.
मी रागानं तिच्या घरी नेलं पुस्तक.
चष्मा लावून तिनं दोन पानं वाचली.
पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघितलं.
एक, दोन, अर्धा.
"बरं लिहिते बा हा माणूस."

मागच्या हिवाळ्यात नव्या पोरीनं
तीच मोलकरीण केली, देशपांडे सभागृहात.
सगुणाला मीच रिक्षानं घेऊन गेलो,
चौथी रांग, गुडघ्यांवर शाल.
पोरगी आली. ट्रे, कप, मालकाकडे नजर.
सभागृह हसलं, भरपूर हसलं.
सगुणाचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता.
"अर्धा कमी पडला," माझ्या कानाशी.
मग जरा वेळानं,
"पोरीची मान चांगली आहे पण."
मग मध्यंतरात,
"जाय, सांग तिले."

विंगेत आता पुस्तक घेऊन कुणी बसत नाही.
पोरगी भिंतीला टेकून चहा पीत होती.
ऐकलं तिनं. म्हणाली, काका,
अर्धा म्हणजे नेमका किती?

मी सांगायला तोंड उघडलं
आणि थांबलो.